इंदूताईंनी सही केली नाही

गेल्या महिन्यात नागपूरहून एका तरुण संशोधकाचा फोन आला. मानसिक आरोग्याच्या सेवांवर त्यांचा नवा अभ्यास सुरू होणार आहे, आणि वस्तीतली माणसं त्यात नुसती माहिती देणारी न राहता भागीदार असावीत अशी अट आहे. रायपूरला आम्ही तसं काम केलं होतं हे त्याच्या कानावर आलं होतं. वस्तीतला प्रतिनिधी निवडायचा तुमचा काही फॉरमॅट असेल तर पाठवाल का, असं त्यानं अदबीनं विचारलं. बघते म्हणून मी फोन ठेवला. असा फॉरमॅट आमच्याकडे कधीच नव्हता. इंदूताई मेश्रामांना आम्ही निवडलंच नव्हतं. त्यांनी आम्हाला पकडलं होतं.

आमचं घर रायपुरातलं जुनं, नागपूरकर भोसल्यांच्या अमदानीत आलेल्या मराठी कुटुंबांपैकी. घरात मराठी, दाराबाहेर पाऊल टाकलं की हिंदी. सदर बाजारामागच्या आमच्या गल्लीतून गुढियारीची वस्ती स्कूटीवर वीस मिनिटांची, पण वयाच्या चौतिसाव्या वर्षापर्यंत मी तिथं दोनदा गेले असेन. तिसऱ्यांदा गेले ती प्रश्नावल्यांचा गठ्ठा घेऊन. सरकारी दवाखान्यात मानसिक आजाराची औषधं फुकट मिळतात, तरी गुढियारीतली माणसं दोन-तीन महिन्यांत यायची बंद होतात, ती का, हे आमच्या अभ्यासाला शोधायचं होतं. माझं काम दारोदार जाऊन प्रश्न विचारायचं आणि उत्तरांवर खुणा करायचं.

दवाखान्याच्या यादीत इंदूताईंचं नाव होतं, तेही जरा वेगळ्या कारणानं. गुढियारीतून गेली कित्येक वर्षं एकही महिना न चुकवता औषधाला येणारी ती एकटी बाई होती. मालधक्क्याच्या बाजूला जुना बारदाना शिवायची एक शेड आहे. धान्याची फाटकी पोती तिथं येतात, बायका दाभणानं त्यांना ठिगळं लावतात आणि पोती पुन्हा बाजारात जातात. मी विचारत विचारत त्या शेडमध्ये पोचले. पाच-सहा बायका पोत्यांच्या ढिगात बसल्या होत्या. मी नाव घेतलं, आवाज खाली आणला आणि म्हटलं, दवाखान्याच्या कामासाठी जरा बाजूला बोलायचं होतं.

ठेंगण्या, काटक, सुतळीनं कानामागं बांधलेला चष्मा घातलेल्या एका बाईनं दाभण पोत्यात खोचून ठेवलं.

"डोक्याच्या दवाखान्यातून आली काय? मंग इथंच बोल न. मी डोक्याची पेशंट हाय हे याइले सगळ्याइले मालूम हाय."

बाकीच्या बायकांनी मानही वर केली नाही. मी तिथंच एका पोत्यावर बसले. ओळख करून देताना त्या नेहमी हेच सांगत आणि तेही शेजारणीला भाजीचा भाव सांगावा तितक्याच आवाजात. पुढं मोठमोठ्या डॉक्टरांसमोर, एकदा दिल्लीहून आलेल्या अधिकाऱ्यांसमोरही मी त्यांना असंच बोलताना ऐकलं. समोरच्याची चुळबूळ संपेपर्यंत त्या शांतपणे थांबायच्या आणि मग मुद्द्यावर यायच्या.

त्या दिवशी त्यांनी अकरा प्रश्नांची उत्तरं सरळ दिली. बारावा प्रश्न होता, गेल्या दोन आठवड्यांत तुमचं नेहमीच्या कामात मन लागलं का. त्यांनी हात पुढं केला आणि कागद मागून घेतला. चौथीपर्यंत शिकलेल्या होत्या, बोट ठेवून वाचायच्या.

"हा सवाल कोनं लिहिला?"

मी सांगितलं की तज्ज्ञांनी लिहिलाय. मूळ प्रश्न परदेशात तयार झाले, दिल्लीत त्यांचं हिंदी झालं आणि ते सगळीकडं वापरतात.

"त्याइनं कधी बारदाना शिवला काय?"

नसावा, असं मी म्हटलं.

"मंग त्याइले काय समजन. पोत्यात कोनाचं मन लागते, मॅडम? पोत्यात हात लागते. मी बिमार होती तवा माह्ये हात चालत नव्हते. दाभण हातात घेऊन सकाळपासून संध्याकाळपर्यंत बसून राहो. हाताचं विचार. मनाचं विचारशीन तं सगळे 'हव' म्हणून तुले वापस पाठोतीन."

मी प्रश्नाच्या समासात 'हात?' एवढं लिहिलं. संध्याकाळी डॉ. तिवारींना दाखवलं. ते आमच्या अभ्यासाचे प्रमुख होते. माणूस चांगला, पण सदा घाईत. ते म्हणाले, प्रश्न बदलता येत नाहीत, पण ही बाई कामाची दिसते. अभ्यासाला पैसे देणाऱ्यांची अट होती की सल्लागार समितीत वस्तीतले लोक हवेत. नाहीतरी आपण कुणाला तरी शोधतच आहोत, यांनाच घ्या.

इंदूताईंचा इतिहास मला पुढं तुकड्यातुकड्यांनी कळला, आणि त्यांनी तो सांगितला तोही मी विचारल्यावरच. माहेर गोंदियाकडचं. नवरा मालधक्क्यावर हमाल, म्हणून लग्नानंतर रायपूर. दुसऱ्या मुलीच्या वेळेनंतर त्यांना झोप येईनाशी झाली, भिंतीतून कुणी बोलतंय असं वाटायला लागलं. सासूनं बैगाकडं, म्हणजे झाडफूक करणाऱ्याकडं नेलं. पाऱ्यातली, म्हणजे मोहल्ल्यातली, पोरं "बइही, बइही" म्हणजे वेडी, वेडी म्हणत मागं लागायची. सात-आठ महिने त्यांच्या पायात साखळी होती. शेवटी नवऱ्यानंच एका सकाळी ती सोडली आणि सायकलरिक्षात घालून त्यांना सरकारी दवाखान्यात आणलं. नवऱ्याबद्दल त्या एवढंच म्हणायच्या, की त्याला लिहिता-वाचता येत नव्हतं पण त्यानं मला विचारलं होतं. साखळी सोडायच्या आधी त्यानं विचारलं होतं, दवाखान्यात येशीन काय. त्या आधी सात-आठ महिन्यांत त्यांना कुणीही काहीही विचारलं नव्हतं.

समितीची पहिली बैठक एका हॉटेलच्या सभागृहात झाली. एसी, पांढऱ्या चादरी घातलेली टेबलं, पडद्यावर इंग्रजी. इंदूताईंबरोबर गुढियारीतले आणखी दोघं आले होते. तिघांनाही मागच्या रांगेत खुर्च्या मिळाल्या. दोन तास बोलणं चाललं आणि त्यांच्याकडं कुणी वळून पाहिलं नाही. मीही नाही, कारण मी पडदा सांभाळत होते. शेवटी चहा आला, फोटो झाला आणि बैठकीचा वृत्तांत सहीसाठी फिरला. त्यात एक वाक्य होतं, समुदायाच्या प्रतिनिधींनी प्रश्नावलीला सहमती दिली.

इंदूताईंनी शेजारच्या प्राध्यापकांकडून ते वाक्य वाचून घेतलं. मग कागद तसाच डॉ. तिवारींपाशी नेऊन ठेवला. सही का नाही केली, असं डॉक्टरांनी हिंदीत विचारलं. इंदूताईंचं हिंदी मराठीच्या वळणाचं होतं, पण त्या दिवशी त्या काय म्हणाल्या ते सगळ्या सभागृहाला कळलं. त्या म्हणाल्या, साहेब, मी हो म्हटलं नाही. नाहीसुद्धा म्हटलं नाही. मला कुणी विचारलंच नाही, तर मी सहमती कधी दिली?

डॉक्टर म्हणाले की ही नुसती औपचारिकता आहे. इंदूताई म्हणाल्या, मग माझ्या सहीशिवाय चालवा.

ते चालणार नव्हतं, कारण अट होती. कार्यालयात पुढचा आठवडा ताणाताणीत गेला. वस्तीतून दुसरं कुणी तरी शोधा, सही करणारं, असंही एक जण म्हणाला. डॉक्टरांनी मला बोलावून विचारलं, की या बाईंना नेमकं हवंय तरी काय. मी म्हटलं, त्यांनाच विचारूया. बोलताना मला वाटलं नव्हतं, पण त्या अभ्यासात मी केलेलं सगळ्यात उपयोगाचं काम बहुधा तेवढंच.

इंदूताईंच्या तीन गोष्टी होत्या. बैठक गुढियारीत व्हावी. शेड सुटल्यावर व्हावी, म्हणजे कुणाचा दिवस बुडणार नाही. आणि वृत्तांत सही करण्याआधी छत्तीसगढीत मोठ्यानं वाचून दाखवावा. डॉक्टर कपाळाला हात लावून बसले, पण नाही म्हणाले नाहीत. पुढची बैठक मेश्रामांच्या पाऱ्यातल्या बुद्धविहारात झाली. सतरंजीवर बसायची डॉक्टरांना सवय नव्हती, ते सारखे पाय बदलत होते. वीज गेली आणि पडद्यावरचं इंग्रजी विझलं. मग ते पहिल्यांदाच कागद खाली ठेवून बोलले. बोलता बोलता त्यांनी विचारलं, की तुम्हाला काय वाटतं, माणसं औषध का सोडतात? उत्तरं ऐकत ते अंधार पडेपर्यंत बसले. त्या दिवशी इंदूताईंनी सही केली. पूर्ण नाव, सावकाश, प्रत्येक अक्षर वेगळं.

प्रश्न बदलायचे तर एथिक्स कमिटीकडं जावं लागतं. माणसांवरच्या अभ्यासाला परवानगी देणारी ती समिती. डॉक्टर म्हणाले, मी जाऊन सांगतो. इंदूताई म्हणाल्या, सवाल मी बदलला, मी येते. पांढरी साडी नेसून, चष्म्याची सुतळी नवी बांधून त्या माझ्या स्कूटीवर मागं बसून आल्या. समितीतल्या एका गृहस्थांनी त्यांचं शिक्षण विचारलं आणि मग सौम्यपणेच म्हणाले, की प्रश्नावली हा शास्त्राचा भाग आहे, तुम्हाला त्यातलं कसं कळणार. इंदूताईंनी त्यांचं बोलणं पूर्ण होऊ दिलं. मग म्हणाल्या, शास्त्र मला कळत नाही, साहेब. पण उत्तर देणारी मीच आहे. मला प्रश्न कळला नाही तर तुमच्या शास्त्राला काय मिळणार?

परवानगी मिळाली. मूळ प्रश्न तसेच ठेवून त्यांच्या खाली वस्तीनं सुचवलेले सहा प्रश्न जोडायचे ठरलं. परतताना त्या पुन्हा माझ्या मागं स्कूटीवर होत्या. रेल्वे फाटकापाशी थांबलो तेव्हा मागून म्हणाल्या, "माह्ये पाय लटपटून राहिले होते, पोट्टे. तुले दिसलं काय?" मी म्हटलं, नाही. "बरं झालं," त्या म्हणाल्या. त्या दिवसापासून मी त्यांच्यासाठी मॅडम न राहता पोट्टी झाले.

यानंतर इंदूताई स्वतः मुलाखती घेऊ लागल्या. त्यांची पद्धत आमच्या प्रशिक्षणात बसणारी नव्हती. त्या आधी स्वतःचं सांगायच्या. मी अशी होते, साखळीत होते, या गोळ्या खाते, यानं तोंड सुकतं. मग गप्प बसायच्या. ती शांतता मला सहन व्हायची नाही, मी काही बोलायला गेले की त्या माझ्या गुडघ्यावर हात ठेवायच्या.

बैसाखू, हे त्याचं खरं नाव नाही, त्यांनीच बोलता केला. तो रायपूरबाहेर सिलतऱ्याला स्पंज आयर्नच्या, म्हणजे कच्च्या लोखंडाच्या, एका कारखान्यात भट्टीवर होता, ठेकेदाराकडचा कामगार. त्याला आजार होता, औषध लागू पडलं होतं आणि तरी त्यानं ते सोडलं होतं. आमच्या जुन्या फॉर्मवर त्याच्यासाठी दोनच खुणा होत्या, औषध घ्यायला विसरतो किंवा औषधावर विश्वास नाही. त्यानं पहिल्या वेळी 'विसरतो' सांगितलं होतं. इंदूताई त्याच्याकडं तीनदा गेल्या. तिसऱ्यांदा तो म्हणाला, की गोळी घेतली की दिवसा डोळे मिटतात, आणि भट्टीपाशी डोळे मिटले तर माणूस उरत नाही. दवाखाना आठवड्यातून एकच दिवस, सकाळचा. त्या दिवशी खाडा केला की ठेकेदार विचारतो का. खरं सांगितलं की काम सुटणार. त्याला आजाराची जेवढी भीती होती तेवढीच औषधाची होती. हे सगळं सांगून तो म्हणाला, दीदी, हे बाहेर कुणाला सांगू नका. इंदूताईंनी शब्द दिला.

अशी एकट्या सिलतऱ्याला जाणारी किती तरी माणसं निघाली. योगायोगानं त्याच सुमारास आम्ही त्या कारखान्याकडं आत शिबिर घ्यायची परवानगी मागितली होती. तिथल्या अधिकाऱ्यांनी ती आनंदानं द्यायची ठरवली. फक्त त्यांना एक यादी हवी होती. त्यांचे कोणकोणते कामगार ही औषधं घेतात त्याची. सुरक्षेसाठी, ते म्हणाले.

यात कुणी दुष्ट नव्हतं, म्हणूनच ते अवघड होतं. डॉ. तिवारींना खरोखर काळजी वाटत होती, भट्टीजवळ गुंगीतला माणूस म्हणजे जिवाशी खेळ. शिवाय शिबिर मिळालं तर अभ्यासाचं राहिलेलं निम्मं काम एका महिन्यात उरकणार होतं. त्यांनी बुद्धविहारातल्या बैठकीत हा विषय मांडला आणि म्हणाले, यादी देऊ, पण गुप्त ठेवायचं त्यांच्याकडून लिहून घेऊ.

मुलाखतींची वही इंदूताईंकडं असायची. ती त्यांनी मांडीखाली सरकवली.

"यादी नाही भेटन, साहेब."

डॉक्टरांनी समजावलं. उद्या तिथं कुणाला काही झालं तर आपण जबाबदार. हे त्यांनी दोनदा सांगितलं. इंदूताई ऐकत होत्या. मग त्या हिंदीत, एकेक वाक्य तोलून बोलल्या. तुमची भीती बरोबर आहे. भट्टीवरच्या माणसाला झोप येते हे मलाही भिववतं. पण त्यानं मला सांगितलं ते माझ्या तोंडावर विश्वास ठेवून. यादी गेली की उद्या तो कामावरून जाणार, परवा पाऱ्यातला एकही माणूस तुमच्यासमोर तोंड उघडणार नाही, आणि मग तुम्ही पुन्हा लिहाल की हे लोक विसरतात. तुम्हाला त्याची काळजी आहे ना, मग यादी देण्यापेक्षा संध्याकाळी इथं येऊन बसा. त्याची गोळी दिवसाची संध्याकाळी करता येते का ते बघा. भट्टीवरून दुसरीकडं काम मागायचं का ते त्याला ठरवू द्या.

डॉक्टरांनी समोरचे कागद गोळा केले. बैठक काही न ठरताच उठली. दोन दिवसांनी त्यांनी कारखान्याला पत्र लिहिलं, की यादी देता येणार नाही. शिबिराची परवानगी गेली. अभ्यास लांबला, वरून विचारणा झाली, डॉक्टरांना ऐकून घ्यावं लागलं. ते त्यांनी इंदूताईंना कधी सांगितलं नाही, मी सांगितलं. त्या म्हणाल्या, मला वाटलंच होतं, आणि पुढच्या बैठकीला त्यांच्यासाठी घरून एक पाट घेऊन आल्या, सतरंजीवर त्यांचे पाय दुखतात म्हणून.

त्याच महिन्यापासून डॉक्टर दर गुरुवारी संध्याकाळी विहाराच्या बाजूच्या खोलीत बसू लागले. पहिल्या दोन गुरुवारी कुणी आलं नाही. तिसऱ्या गुरुवारी शिफ्ट सुटल्यावर बैसाखू आला, धुळीनं डोक्यापासून पायापर्यंत काळा. त्याची मात्रा कमी झाली, वेळ बदलली. काही आठवड्यांनी भट्टी सोडून यार्डात काम मिळतंय का ते विचारायला तो आपणहून ठेकेदाराकडं गेला. काय कारण सांगितलं ते त्यानं आम्हाला सांगितलं नाही, आणि इंदूताईंनी विचारू दिलं नाही.

मग त्या स्वतःच आजारी पडल्या.

सलग दोन बैठकांना आल्या नाहीत तेव्हा मी घरी गेले. त्यांच्या धाकट्या मुलीनं, सुजातानं, दार उघडलं. तिला मराठी सगळं कळायचं, पण उत्तर हिंदीतच द्यायची. म्हणाली, माँ तीन आठवड्यांपासून झोपली नाही, गोळ्या घेते तरी. आत इंदूताई भिंतीकडं तोंड करून बसल्या होत्या. मी हाक मारली. त्यांनी मान वळवली, पण त्यांनी मला ओळखलं की नाही ते मला कळलं नाही. हात मांडीवर पालथे पडलेले. ते हात मी कधी रिकामे पाहिलेच नव्हते. मी त्यांच्याजवळ बसले आणि गप्प राहिले. तसं बसायला त्यांनीच मला शिकवलं होतं.

कार्यालयात आमचा एक सहकारी बोललाच. अशा लोकांना समितीत घेतलं की हेच होणार, म्हणाला. काही जणांनी माना डोलावल्या. त्यांच्या जागी दुसरं नाव सुचवा, असा निरोपही वरून आला. डॉ. तिवारींनी इंदूताईंना स्वतः तपासलं, दवाखान्यात ठेवून घेतलं, औषध बदललं. निरोपाला त्यांनी उत्तर दिलं नाही.

दीड महिन्यानं त्या विहारात आल्या. वाळल्या होत्या, बोलताना मध्येच शब्द हरवायचा. चुकलेल्या बैठकांचे वृत्तांत त्यांनी मोठ्यानं वाचून घेतले. त्यांच्या नावापुढं लिहिलं होतं, प्रकृतीच्या कारणामुळे अनुपस्थित.

"प्रकृती म्हंजे काय? सर्दी झाली होती काय मले?" त्या मला म्हणाल्या. "लिहिजो, डोक्याची बिमारी वापस आली. अन् हेबी लिहिजो, का बाई वापस आली. दोन्ही लिही."

मी डॉक्टरांकडं पाहिलं. त्यांनी माझ्या हातून पेन घेतलं आणि स्वतः लिहिलं. त्याच बैठकीत इंदूताईंनी एक नियम सांगितला आणि तो सगळ्यांनी मान्य केला. समितीतलं माणूस आजारी पडलं तर त्याची जागा त्याचीच राहील, परत येईपर्यंत. आणि प्रत्येकाला पाऱ्यातलाच एक जोडीदार असेल, जो त्याचं काम सांभाळेल आणि परत आल्यावर त्याच्या हवाली करेल. पुढं आमच्या अहवालातली जी पानं दुसऱ्या शहरांनी मागवली त्यात हा नियम होता. मोठे तक्ते आम्ही केले होते, ते कुणी मागितले नाहीत.

अहवालावर लेखक म्हणून डॉ. तिवारींबरोबर इंदूताईंचं नाव लागलं. त्यासाठीही डॉक्टरांना भांडावं लागलं, त्या वेळी इंदूताई भांडल्या नाहीत. त्यांची एकच अट होती, अहवाल बाहेर जायच्या आधी पाऱ्यात वाचला जावा. तीन संध्याकाळी वाचन चाललं. बैसाखूनं एका ठिकाणी हात वर केला आणि आपल्याबद्दलचं एक वाक्य काढायला सांगितलं. नाव नव्हतं, तरी ओळखू येतंय, असं त्याचं म्हणणं होतं. ते वाक्य काढलं. अभ्यासाच्या दृष्टीनं ते फार चांगलं वाक्य होतं. गुरुवारची संध्याकाळची ओपीडी पुढं सरकारनं चालवायला घेतली आणि ती आजही भरते.

अभ्यास संपल्यावर मी बिलासपूरला नोकरी धरली. इंदूताई हृदयविकारानं गेल्या तेव्हा मी तिथंच होते. सुजाताचा सकाळी फोन आला. पहिल्यांदाच ती माझ्याशी मराठीत बोलली. "माय गेली," एवढंच म्हणाली. मी पोचेपर्यंत सगळं आटोपलं होतं. शेडमधल्या बायका अंगणात बसल्या होत्या, आणि डॉ. तिवारी अनवाणी, भिंतीला टेकून उभे होते.

त्यामुळं माझ्यासाठी शेवटच्या इंदूताई त्याच्या पाच महिने आधीच्या आहेत. आईच्या डोळ्याच्या ऑपरेशनसाठी मी रायपूरला आले होते. परत निघायच्या दिवशी, हाताशी तासभर होता म्हणून, रिक्षा गुढियारीकडं घ्यायला सांगितली. विहाराच्या बाजूच्या खोलीत बिरगावहून आलेल्या चार तरुण बायकांना इंदूताई मुलाखत घ्यायला शिकवत होत्या. तिथंही तसाच अभ्यास सुरू होणार होता. मला पाहून त्यांनी हातानंच बस म्हणून खुणावलं आणि काम थांबवलं नाही. मी भिंतीशी बसले.

सरावासाठी त्या स्वतः रुग्ण झाल्या होत्या. एकेकीनं बाहेरून यायचं आणि बोलणं सुरू करायचं. एक तरतरीत मुलगी फाईल घेऊन आत आली, समोर बसली, फाईल उघडली. इंदूताईंनी मान हलवली, बाहेर जा. ती पुन्हा आली, फाईल मिटलेली, पण बसल्याबरोबर खोलीतल्या वस्तूंवरून नजर फिरवू लागली. पुन्हा बाहेर. तिसऱ्यांदा तिनं आजाराचं नाव घेऊन विचारलं, शेजारच्या घरात ऐकू जाईल अशा आवाजात. इंदूताई रागावल्या नाहीत की हसल्या नाहीत. आजार माझा आहे, तो मी माझ्या तोंडानं सांगीन, तुझ्या तोंडानं नको, असं तिला छत्तीसगढीत सांगितलं आणि पुन्हा दाराकडं बोट केलं.

माझी गाडीची वेळ होत आली होती. मी उठले. इंदूताईंनी एकदा माझ्याकडं पाहिलं, मान हलवली, झालं. दारातून बाहेर पडताना ती मुलगी माझ्या शेजारी उभी होती. तिनं श्वास घेतला, आणि या वेळी उंबरा न ओलांडता बाहेरूनच हळू विचारलं, "आवंव का, दाई?" येऊ का, आई.

आतून लगेच उत्तर आलं नाही. मग इंदूताईंचा आवाज आला, "थोकिन सोचन दे." जरा विचार करू दे.

मुलगी फाईल छातीशी धरून थांबली. मी रिक्षात बसले, रिक्षा वळली, तेव्हाही ती उंबऱ्याबाहेर उभीच होती आणि आतून अजून होकार आला नव्हता.